ऑटिझम असलेल्या लेकराला संगीतोपचाराचा उपयोग होतो का? बीडजवळच्या खेड्यात काय करता येईल?

होतो, पण गाणं शिकवणं म्हणजे संगीतोपचार नव्हे. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि ब्रिटिश विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून घडवलेल्या पद्धतीत उपचारक लेकराच्या कलानं जातो. लेकरानं थाप मारली की उपचारकानं तशीच थाप द्यायची, ते थांबलं की थांबायचं. यातून आळीपाळीनं देणं-घेणं सुरू होतं, तेही शब्दांशिवाय. त्यांच्या नावाची धर्मादाय संस्था ब्रिटनमध्ये हेच काम करते.

घरी डिमडी किंवा टाळ घेऊन रोज थोडा वेळ बसा. हलगी मात्र नको, मोठ्या आवाजाचा काही लेकरांना फार त्रास होतो. कान झाकले की लगेच थांबा, जबरदस्ती अजिबात करू नका.

वाचा-उपचार (स्पीच थेरपी) सोडू नका. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार देणाऱ्या केंद्राची) चौकशी करा. ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीच्या ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, तोही अर्ज भरा.