सहावीतल्या मुलाला शून्य सावली दिवस कसा समजावू? प्रोजेक्टसाठी कोणतं मॉडेल करता येईल?

मॉडेलचं नंतर बघू. शून्य सावली दिवस म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होते तो दिवस. आधी हे सांगा, मुलाला कुणी "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" असं शिकवलंय का? शिकवलं असेल तर ते आधी डोक्यातून काढा, नाहीतर पुढचं सगळं वाया. जरा तावातावाने लिहितोय, कारण आमच्या घरात यावरून एकदा चांगलंच वाजलेलं आहे.

मी पुण्यात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. माझे साडू क्लास घेतात, आठवी ते दहावी, सायन्स. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे आमच्याकडे जमले होते, आणि 13 मेला पुण्यात सावली गायब होते असं पेपरात आलेलं बघून माझी मुलगी हटूनच बसली. मग मी साइटवरून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन, उभी रेघ तपासायला) आणि पाणसळ (बुडबुड्याची पट्टी, सपाटी तपासायला) आणली, पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा कापला. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, त्यावर नुसता पाइप उभा केला तर तो कललेलाच राहणार हे कुठल्याही गवंड्याला कळतं, म्हणून खाली फरशीचा तुकडा टाकला, त्याच्याखाली वाळू सारत सारत पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला आणि मग ओळंब्याने पाइप दोन बाजूंनी तपासला. साडू तोवर जिन्याच्या दारात उभे राहून सूचना देत होते.

बरोबर बाराला ते पुढे आले. पाइपची सावली पश्चिमेला पडलेली, टेप लावला तर साधारण 13 सेंमी. "बघा, म्हटलं होतं ना तुम्हाला, पेपरवाले काहीही छापतात," म्हणाले आणि पुऱ्या गार होतील म्हणून खाली गेले. निम्मी पोरं त्यांच्या मागे.

वर उरलो मी, मुलगी आणि शेजारच्या आजी. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे मीटरभर पाइपची सावली तेवढ्या वेळात पावणेदोन सेंमीच्या आसपास आत येते, खडूने खुणा केल्या की अगदी नजरेसमोर सरकते. 12:31 ला पाइपच्या बुडाशी काहीच उरलं नाही. बाजूने डोकावलं तर आत तळाला उन्हाचा पूर्ण गोल. दोनतीन मिनिटांत पूर्वेला परत बारीक कड दिसायला लागली. मुलगी ओरडतच खाली गेली, तर साडू आमरसाची वाटी बाजूला न ठेवता म्हणतात, "फोटो काय, कसेही काढता येतात. बारा म्हणजे बारा."

बारा म्हणजे बारा नाही हो. घड्याळातले बारा म्हणजे भारताची प्रमाणवेळ, ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आहेत, पुणं 74 च्या जरा अलीकडे, साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, झाली की 34 मिनिटं. त्यात पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे काही मिनिटं मागेपुढे होतात, मेमध्ये तीनचार कमी होतात आणि फेब्रुवारीत चौदाएक वाढतात, म्हणजे तेव्हा पुण्यातली खरी माध्यान्ह, सूर्य दिवसात सगळ्यात उंच असतो ती वेळ, पावणेएकच्याही नंतर. आणि "रोज डोक्यावर" हे तर साफ खोटं, दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो, मेमध्ये आणि परत जुलैच्या शेवटी, पण दुसऱ्या वेळी ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही. हेच साडू उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो असंही शिकवतात. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीत असते, 14.7 कोटी किमी, आणि लांब जुलैत, 15.2 कोटी. थंडीत जवळ! यावर त्यांचं उत्तर अजून यायचंय.

मॉडेल म्हणाल तर थर्माकोलची पृथ्वी आणि टॉर्च हा प्रकार मला पटत नाही, तो मुलाचा बाप रात्री जागून करतो आणि मुलगा फक्त उचलून नेतो. त्यापेक्षा मीटरभर काठी ओळंब्यात उभी करा आणि दर पंधरा दिवसांनी माध्यान्हीला सावली मोजून मुलाच्याच हाताने लिहू द्या. पुण्यात 21 मार्चला 33 सेंमीच्या आसपास भरेल, डिसेंबरच्या 22 ला जवळजवळ 90. आणि 21 जूनला ऊन मिळालं तर गंमत बघा, सावली आठनऊ सेंमीच, पण उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. क्लासच्या सरांना हे आधी न सांगता विचारून बघा.

बाकी मुलाला सूर्याकडे थेट बघू देऊ नका, आणि मेमध्ये गच्चीवर चप्पल घालूनच न्या. तारखा गावागणिक बदलतात, कोल्हापूरला 6-7 मे, नागपूरला 26 मेच्या आसपास, त्यामुळे नागपूरकडचे असाल तर माझं 12:31 धरून बसू नका, तुमच्याकडे 12:10 च्या सुमारालाच उरकतं.