हात मागे बांधून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मुलगी आठ वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा, आणि तरी सकाळी साडेसहा ते साडेसात घरात नुसता आरडाओरडा. "दात घासलेस का, डबा घेतलास का, बाटली कुठे आहे?" सांगितलं तर दोघंही ऐकतात, पण सांगितल्याशिवाय इकडची काडी तिकडे करत नाहीत, असं तू लिहिलं आहेस.

कुठल्याही कामाचे तीन भाग असतात: ते आठवणं, ते करणं आणि ते शेवटाला नेणं. आपण मुलांना फक्त मधला भाग देतो. दप्तर मुलगी भरते, पण आज चित्रकलेची वही लागणार हे तिच्या आईच्या डोक्यात असतं, आणि बाटलीचं झाकण घट्ट लागलंय का ते तू बघतोस. मग त्या कामाची मालकीण कोण? तुम्ही दोघं. ती नुसती हाताखालची माणूस. म्हणून एका वेळी एकच काम दे, पण तिन्ही भागांसकट दे.

सुरुवात दप्तरापासूनच कर. दप्तर रात्री जेवणाआधी भरायचं, सकाळी अजिबात नाही. वेळापत्रकातला उद्याचा दिवस वरून खाली वाचायचा, एकेक वही-पुस्तक काढून खाटेवर ठेवायचं, सगळी रास जमली की मगच दप्तरात घालायचं. थेट दप्तरात घालत गेलं की कालची पुस्तकं आत तशीच राहतात, ओझं वाढतं आणि काय राहिलं ते कळत नाही. पाण्याची बाटली भरली की मोरीत पाच सेकंद उलटी धरायची. थेंब पडला तर झाकण पुन्हा लावायचं. चार-पाच दिवस तिच्या शेजारी बस, नंतर उठून जा.

ती वही विसरणार, आणि शाळेतून चेहरा पाडून येणार. अशा वेळी गाडी काढून वही पोचवायला जाऊ नकोस. चष्मा, औषध किंवा परीक्षेचं साहित्य राहिलं तर जरूर जा, ती शिकवणीची वेळ नव्हे. बाकी काही राहिलं तर संध्याकाळी एवढंच विचार, "उद्या हे राहू नये म्हणून काय करशील?" आणि उत्तर तिचं तिला शोधू दे. बहुतेक मुलं दोन-तीन आठवड्यांत स्वतःची काहीतरी युक्ती काढतात. कुणी चपलांपाशी चिठ्ठी लावतं, कुणी जास्तीची वस्तू आदल्या रात्रीच दाराच्या कडीला अडकवून ठेवतं.

धाकट्याचं बरंचसं काम घरातल्या उंचीवर अडलेलं असतं. टॉवेलची खुंटी, कपड्यांचा कप्पा, पाण्याचा पेला, सगळं त्याच्या खांद्याच्या खाली आण. निम्मे "बाबा, दे ना" तिथेच थांबतात. अंघोळीचं पाणी मात्र अजून तूच काढ. पुढे शिकवशील तेव्हा क्रम पक्का हवा: बादलीत आधी गार पाणी, मग गरम, मग हाताने ढवळून कोपर बुडवून बघायचं. आधी गरम ओतलं आणि मूल मध्येच बादलीत हात घालून बसलं, की भाजतं.

आता स्वयंपाकघर. मुलीला वरण-भात लावायचाय आणि घरात सगळे नको म्हणतात. शिकव, पण टप्प्याटप्प्याने, आणि गॅस सगळ्यात शेवटी. पहिले दोन आठवडे फक्त मोजणं आणि धुणं. एक वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवायची, मग अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेल कशाला, तेही सांग: डाळीला फेस येतो, तो वर चढून शिट्टीच्या नळीत अडकतो, तेलाने फेस कमी होतो. तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या. डाळीचं भांडं खाली, भाताचं वर.

नंतरचे दोन आठवडे कुकर जोडणं, तेही गॅस बंद असताना. तळाला दोन-अडीच वाट्या पाणी. ते विसरलं तर शिट्टी होतच नाही, करपल्याचा वास येतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. झाकण उजेडाकडे धरून नळीच्या भोकातून आरपार दिसतंय का ते रोज बघायचं. रिंग हाताने दाबत पूर्ण गोल फिरवून बसवायची. वाफ कडेने जाऊ लागली तर रिंग नीट बसलेली नाही किंवा सैल झाली आहे. सैल झाली असेल तर नवी आणायची, पीठ लावून भागवायचं नाही. एवढं आठ वर्षांची मुलगी व्यवस्थित करते.

गॅस पेटवण्याला मी वयापेक्षा उंचीची अट लावेन. जमिनीवर उभं राहून ओट्याची कड तिच्या कोपराच्या खाली आली पाहिजे. त्यासाठी स्टूल लागत असेल तर अजून वेळ आहे. स्टुलावर उभ्या मुलाला धग लागली की ते मागे सरकतं, आणि मागे जमीन नसते. बहुतेक मुलांची ही उंची दहाच्या पुढेच भरते. तोवर पेटवणं तुझं, शिट्ट्या मोजणं तिचं. मध्यम आचेवर तीन, मग पाच मिनिटं मंद, मग बंद.

बंद केल्यावरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. आत वाफ दाबून असते, सुमारे 120 अंशांची. चिमट्याने शिट्टी किंचित उचलून बघायची. फुस्स आवाज आला की सोडून द्यायची. झाकण सहज सरकत नसेल तर ओढायचं नाही, बाबांना हाक मारायची. उघडतानाही पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. पुढे गॅस तिच्या हाती देशील तेव्हा केस बांधलेले, अंगात सुती कपडे, ओढणी नाही. लायटर बर्नरपाशी नेऊन मगच बटण फिरवायचं. दोन-तीन खटक्यांत पेटला नाही तर बटण बंद, खिडकी उघडी, थोडं थांबायचं. गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करायचा, दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि 1906 ला फोन करायचा. हे तिच्याकडून प्रत्यक्ष करून घे, नुसतं सांगून राहत नाही.

आणि हे सगळं दोघांनाही, बरं का. धाकट्याला आत्तापासून मटार सोलायला, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट मोरीत नेऊन ठेवायला लाव. ताई कुकर लावते आणि तो "भूक लागली" म्हणून ओरडतो, हे चित्र घरात एकदा बसलं की मग हलत नाही.

दुकानात पाठवताना वस्तू एकच, चिठ्ठी तिच्या अक्षरात, आणि पैसे रोख. मोबाइलवरून पैसे दिले की शंभरातून बेचाळीस गेले म्हणजे किती उरले, हे मुलाला कळतच नाही. उरलेले पैसे गल्ल्यासमोरच मोजायचे, पायरी उतरल्यावर नाही. पहिल्या खेपेला तू बरोबर, दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावर, तिसऱ्या खेपेला घरी. दुकानदार मोठ्या गिऱ्हाइकांना आधी देतात आणि मूल बाजूला ताटकळतं, म्हणून "काका, आता माझा नंबर आहे" हे वाक्य घरी मोठ्याने म्हणवून घे. उभ्या गाड्यांमधून एकदम रस्त्यावर यायचं नाही, चालकाला ती दिसतच नाही. तुमच्या दोघांचे नंबर तोंडपाठ हवेत, शिवाय आणीबाणीचा 112 आणि मुलांच्या हेल्पलाइनचा 1098. घरातल्यांपुरता एक परवलीचा शब्दही ठरवा. "बाबांनी तुला आणायला पाठवलंय" असं म्हणणाऱ्याला तो शब्द माहीत नसेल तर त्याच्याबरोबर जायचं नाही, माणूस ओळखीचा असला तरी.

राहिल्या वहिनी, म्हणजे तुझी आई. नात कांदा सोलायला बसली की आजीचा जीव राहत नाही, त्या हातातून विळी काढून घेतात. त्यांना "मध्ये पडू नकोस" म्हणू नकोस, दुखावतील. त्यांना गुरू कर. "आई, फोडणी तुझ्याइतकी कुणाला जमत नाही, तिला तोंडी शिकव, भांड्याला हात तिचाच लागू दे." तू स्वतः हात पाठीमागे बांधून उभा राहा, अक्षरशः. बांधलेले हात सोडायला क्षण जातो, आणि तेवढ्यात पोरीचं काम झालेलं असतं. तिने घातलेल्या घड्या वाकड्या असतील तर तशाच कपाटात जाऊ देत. तिच्या पाठीमागे पुन्हा घालू नकोस, मुलांना ते कळतं, आणि पुढच्या वेळी ती घालतच नाहीत.

या रविवारी कुकर नको, दुकानही नको. एक कोरा कागद घे, शाळेचं वेळापत्रक तिच्याच अक्षरात लिहून घे आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटव. चिकटवण्याआधी तिला तिथे उभी कर आणि कागद तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव.

तुझी,
काकू