बाजाराचा नंबर, तिजोरीचा नंबर

गेल्या महिन्यात दुसऱ्या मोबाइल नंबरबद्दल इतक्या चिठ्ठ्या आणि मेसेज आले, की यावेळी दुसरा विषय घेतलाच नाही. सांगलीच्या गणपती पेठेतल्या माझ्या रिचार्जच्या काउंटरवरही रोज दोन-तीन जण हेच विचारतात. त्यातले सात प्रश्न इथे घेते.

प्रश्न : मी विश्रामबागला घरी शिकवण्या घेते. रात्री साडेअकरालासुद्धा पालकांचे फोन येतात. क्लाससाठी वेगळा नंबर घ्यायचाय, पण जुना नंबर पंधरा वर्षांपासून सगळ्यांकडे आहे. आता कुठला कशाला ठेवू?

ताई, बहुतेक जण इथेच उलटं करतात. नवा नंबर घेतात, तो पालकांना देतात आणि जुना "खासगी" समजून बँकेला तसाच ठेवतात. पण तुमचा जुना नंबर खासगी राहिलाय कुठे? झेरॉक्सच्या दुकानातली वही, साड्यांच्या सेलची कूपनं, सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सगळीकडे तो गेलाय. पंधरा वर्षं गावभर फिरलेला नंबर आता परत आत घेता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. जुना नंबर बाजाराचा करा. पालक, दुकानदार, कुरिअर, ग्रुप सगळे त्याच्यावर. नवा नंबर तिजोरीचा. बँक, आधार, यूपीआय, ईमेलचा रिकव्हरी नंबर आणि घरातली चार माणसं, बस्स. कष्ट एकदाच आहेत. बँकेत अर्ज द्यायचा, आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्यायचा, मग यूपीआय नव्या सिमवर चालू करायचं. सगळीकडे बदल झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुनं सिम बंद पडू देऊ नका. हे काम मार्चअखेरीला काढू नका, तेव्हा बँकेत उभं राहायला जागा नसते.

रात्रीच्या फोनचं सोपं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये सिम मॅनेजरला जाऊन नऊ वाजता बाजाराचं सिम एका बटणानं बंद करायचं, सकाळी चालू. तिजोरीचं सिम चालूच राहतं, घरच्यांचा फोन लागतो. व्हॉट्सॲप मात्र इंटरनेटवर चालतं, सिम बंद करून त्याचे मेसेज थांबतीलच असं नाही, त्याचा आवाज वेगळा बंद करा. ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती ठेवता येतात. सेटिंगमध्ये आपल्या नावाशेजारी जो बाण असतो तिथे खातं जोडायचं. दोन्ही खात्यांना सहा आकडी पिन लावा, म्हणजे नुसता ओटीपी मिळवून कुणाला खातं पळवता येणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पालकांचा ग्रुप केलात की प्रत्येक आईचा नंबर दुसऱ्या प्रत्येक पालकाला दिसतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांना मेसेज जातो आणि कुणाचा नंबर कुणाला कळत नाही. त्या बायकांच्याही नंबरची जबाबदारी आपल्यावर असते.

प्रश्न : तासगावजवळ बेदाण्याचं शेड आहे. व्यापाऱ्यांसाठी दुसरं सिम ठेवलंय. हंगामात वापर, बाकी आठ महिने नुसतं पडून. तरी दर २८ दिवसांनी रिचार्ज. स्वस्तात जिवंत ठेवायचा काही मार्ग?

आधी वहीवर हिशेब मांडू. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन-आयडिया) यांचा १७९ चा रिचार्ज १९९ चा झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. जे सिम फक्त वाजायला हवंय त्याच्यावर हा खर्च होतो, आणि त्यात डेटाचेही पैसे आलेच, जो तुम्ही त्या सिमवर वापरतच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं, की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवा, मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा १,८४९ रुपयांचा ३६५ दिवसांचा आणि जिओचा १,७४८ रुपयांचा ३३६ दिवसांचा रिचार्ज आला. दिसायला जिओचा स्वस्त. पण दिवसांनी भागा : एअरटेलचा दिवस ५ रुपये ७ पैशांना पडतो, जिओचा ५ रुपये २० पैशांना. मोठा आकडा बघून घाबरायचं नाही, दिवसानं भागायचं. एअरटेलचा घेतला तर तेरा वेळच्या रिचार्जपेक्षा वर्षाला ७३८ रुपये वाचतात. दर बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी कंपनीच्या ॲपवर "फक्त व्हॉइस" असा भाग उघडून बघा. दुकानदार स्वतःहून हा रिचार्ज दाखवेलच असं नाही, मागून घ्या. बीएसएनएलचे लांब मुदतीचे रिचार्ज बऱ्याचदा याहून कमी पैशात बसतात. पण शेडवर रेंज येते का ते आधी शेजाऱ्याच्या फोनवर तपासा.

आता त्या "२० रुपयांत सिम चालू" मेसेजबद्दल, कारण तुम्ही तोही पाठवलाय. जानेवारी २०२५ मध्ये हे नवा नियम म्हणून फिरलं. नियम २०१३ चा आहे. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. पण खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते २० कापून ३० दिवस वाढवून द्यायचे, असं त्यात आहे. बंद झाल्यावर परत चालू करून घ्यायला १५ दिवसांची सवलतही आहे. हे खरं असलं तरी नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर व्यापाऱ्याचा फोन लागणं वेगळं. रिचार्जची मुदत संपली की येणारे कॉल आणि ओटीपी थांबू शकतात. सौद्याच्या दिवशी फोन लागला नाही तर वाचवलेल्या पैशांचा उपयोग काय? तुम्हाला वर्षाचा व्हॉइस रिचार्जच बरा.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर इंग्रजीत PORT लिहून, पुढे आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा. येणारा कोड चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

प्रश्न : आधार न देता, ॲपवरून परदेशी नंबर मिळतो म्हणे. घेऊ का? (मिरज, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

नको. ते नंबर आज तुझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्यावर उघडलेलं खातंही त्याच्याबरोबर जातं. भारतात सिम केवायसीशिवाय, म्हणजे ओळख पटवल्याशिवाय, मिळत नाही. खोटी ओळख देऊन सिम घेतलं तर दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपला नंबर अनोळखी माणसापासून लपवायचा असतो, सरकारपासून नाही.

प्रश्न : मी मिरजेत नर्स आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दुसरा नंबर ठेवला. तरी एकानं फोनवर माझं आडनावासकट नाव घेतलं आणि संध्याकाळी इन्स्टाग्रामवर रिक्वेस्ट पाठवली. त्याला कसं कळलं?

हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही काळजी घेतली होती. नंबर बाहेर गेल्यावर त्याला नाव चिकटायच्या वाटा बऱ्याच आहेत.

पहिली ट्रूकॉलरसारखी ॲप. तुम्ही ॲप घेतलं नसलं तरी कुणीतरी तुमचा नंबर नावानं सेव्ह करतं आणि तेच नाव दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटतं. ट्रूकॉलरच्या वेबसाइटवर नंबर यादीतून काढायची सोय आहे. तुमचं तिथे खातं असेल तर आधी ॲपमधून ते बंद करावं लागतं.

दुसरी यूपीआय. त्या नंबरवर यूपीआय चालू असेल, तर कुणीही पैसे पाठवायच्या बहाण्यानं नंबर टाकतो आणि बँकेतलं पूर्ण नाव समोर येतं. एक रुपयाही पाठवावा लागत नाही. मला वाटतं तुमच्या बाबतीत हेच झालं असावं. बाजाराच्या नंबरवर यूपीआय नकोच.

तिसरी इन्स्टाग्राम. खात्याला तो नंबर जोडलेला असला की ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्याला तुमचं खातं सुचवलं जाऊ शकतं. नंबर काढा, ईमेल ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो, लास्ट सीन, अबाउट फक्त आपल्या संपर्कातल्यांना दिसेल असं करा, आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे नंबर सेव्ह करू नका.

एक गोष्ट पुढचीही. फोन करणाऱ्याचं केवायसीतलं नाव समोरच्याला दिसावं, अशी सीएनएपी नावाची सेवा ट्रायनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सुचवली आणि ती टप्प्याटप्प्यानं येते आहे. फसवणुकीच्या फोनवर ती चांगलीच आहे. पण तुमच्यासारख्यांनी वॉर्डातल्या माणसाला स्वतःच्या कुठल्याच सिमवरून फोन करू नये. हॉस्पिटलला वॉर्डाचा फोन मागा. चार-पाच जणींनी मिळून मागितला तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल. आणि तो माणूस पुन्हा त्रास देऊ लागला तर स्क्रीनशॉट ठेवून cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा, लाजू नका.

प्रश्न : कुपवाडला घरगुती मसाले करते. धंद्याचं सिम पुतण्याच्या नावावर आहे. नंबर पाकिटावर छापलाय. काही बिघडतं का?

बिघडत नाही तोवर काही बिघडत नाही, वहिनी. पण सिम हरवलं तर दुसरं सिम पुतण्यालाच मिळेल, तुम्हाला नाही. तो पुण्याला नोकरीला गेला की तुमची गिऱ्हाइकं अडकली. दोघांनी आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा आणि नाव बदलून घ्या. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, पुतण्यालाही बघायला सांगा. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात, वर गेलं तर पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे.

पाकिटावरच्या क्यूआरखाली यूपीआय आयडी छापलाय, त्यात घरचा मोबाइल नंबर दिसतोय. ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी करता येतो. पुढची पाकिटं छापायच्या आधी तेवढं बदला. आणि व्हॉट्सॲपच्या धंद्याच्या खात्यासाठी सिम कपाटात ठेवून चालेल या भरवशावर राहू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं मेसेजिंग ॲपना निर्देश दिलेत, की ज्या सिमवर खातं आहे ते फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावं.

प्रश्न : दुकानात बिल करताना नंबर दिल्याशिवाय बिलच होत नाही म्हणतात. खरं का?

खोटं. ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलंय, की नंबरची सक्ती करू नका. "नंबर द्यायचा नाही, बिल करा" एवढं शांतपणे म्हणा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न : दुसरं सिम आता नको झालंय. रिचार्ज न करता सोडून दिलं तर आपोआप बंद होईल ना? (हरिपूर)

होईल, पण तसं सोडू नका. मी स्वतः हे भोगलंय.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. आईचा छोटा बटणांचा फोन गेला, सिमसकट. घर धुणं, गाद्या वाळवणं, पंचनामा, यात त्या नंबरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाच-सहा महिन्यांनी मी सहज लावून बघितला, तर पलीकडे एक कॉलेजचा मुलगा. भला होता. म्हणाला, "काकू, तुमच्या पतसंस्थेचे मेसेज मला येतात, गॅसचे पण." गॅलरीत गेले तर नंबर परत मिळणार नाही एवढंच उत्तर. घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू बघितली. आईनं तिथे पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, नंबर कुठे कुठे दिलाय ते : बँक, पतसंस्था, गॅस, रेशन, डोळ्यांचे डॉक्टर, दूधवाला, विम्याचा एजंट. आम्ही त्या यादीवरून एकेक करून बदलत गेलो. शेवटच्या ठिकाणी नंबर बदलायला तीन महिने लागले. तो मुलगा भला नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही नोंदवलं गेलं. त्यानंतर तो दुसऱ्याचा होऊ शकतो. म्हणून आधी यादी करा. फोनमधले जुने एसएमएस वर सरकवत जा, ज्या ज्या संस्थेचा मेसेज दिसेल ती लिहून घ्या. सगळीकडे नंबर बदला. व्हॉट्सॲप खातं ॲपमधूनच डिलीट करा, फक्त ॲप काढून टाकणं पुरत नाही. यूपीआय काढा. मग एक महिना सिम चालू ठेवून बघा, काही येतंय का. महिनाभर एकही ओटीपी आला नाही की गॅलरीत जाऊन अर्ज द्या आणि बंद केल्याची पोच घ्या.