भंगारावर घर चालतं, मग मुलीलाच तिथं मज्जाव का?

प्रश्न : माझी मुलगी पीयूसी द्वितीय वर्षाला (म्हणजे बारावीला), विज्ञान शाखेत आहे. पहिल्या वर्षी 84 टक्के होते. बेळगावात आमचा व्यापार आहे. तिला कचऱ्याच्या पुनर्वापरात करिअर करायचं आहे. परदेशात कचरा डेपोवर गाड्यांकडून जे शुल्क घेतात, त्यातून असलं शिक्षण आणि नोकरीचं प्रशिक्षण देतात, आपल्याकडेही ते येणार, असं तिचं म्हणणं. मी स्पष्ट सांगितलं, हेच करायचं असेल तर माझ्या घरात राहायचं नाही. मी उभं आयुष्य भंगारात घालवलं ते काय यासाठी? उद्या स्थळं कशी येणार? बी.एस्सी. करून बँकेच्या नाहीतर सरकारी परीक्षा दे, असं तुम्हीच तिला समजवा. — एक पालक, बेळगाव

उत्तर : नमस्कार. तिच्या मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती ‘माझ्या घरात राहायचं नाही’ या वाक्याची. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलीला बाप असं बोलला, तर ती रात्री पुस्तकासमोर बसून काय वाचत असेल? कोर्स, कॉलेज, सीट हे सगळं नंतर बघू. ते वाक्य आधी मागे घ्या. आजच, जेवायला बसाल तेव्हा, तिच्या आईसमोर. ‘रागाच्या भरात बोललो’ एवढं म्हटलंत तरी पुरे. पण म्हणा.

दुसरं. धंदा भंगाराचा आहे हे तुम्ही पत्राच्या शेवटी शेवटी, तेही रागात सांगितलंत. मला वाटतं सगळी गाठ तिथंच आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या भट्ट्या तुमच्यासारख्यांच्या मालावर पेटतात. बीड (ओतीव लोखंड) कुठलं आणि माइल्ड स्टील कुठलं हे तुकड्याला ग्राइंडर लावून नुसत्या ठिणगीवरून सांगणारा एखादा तरी माणूस तुमच्या गोडाऊनवर असणार. लांब, पिवळसर ठिणगी उडाली की स्टील. आखूड, लालसर उडाली की बीड. ही विद्या आहे, आणि ती अंगात मुरायला वर्षं लागतात. तुमच्या मुलीनं हे सगळं लहानपणापासून पाहिलंय आणि त्यातलं शास्त्र तिला शिकावंसं वाटतंय. तुमच्या धंद्याकडे मानानं बघणारी घरात कदाचित ती एकटीच असेल, आणि तिलाच तुम्ही दार दाखवताय.

स्थळांचं म्हणाल, तर बापाच्या धंद्यावरून मुलगी नाकारणारे लोक ती बँकेत लागली तरी नाकारतीलच, कारण धंदा तुमचा आहे आणि तिच्या नोकरीनं तो झाकला जात नाही. असली माणसं दारात न आलेलीच बरी.

आता तुमच्या मुलीशी बोलतो.

डेपोच्या शुल्कातून शिक्षण, ही गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं 1988 च्या कायद्यानं डेपोवर येणाऱ्या कचऱ्यावर टनामागे 2 डॉलर लावले आणि त्यातून पुनर्वापराच्या कामांना आणि लोकशिक्षणाला अनुदान दिलं. ब्रिटननं 1 ऑक्टोबर 1996 पासून लँडफिल कर, म्हणजे कचरा जमिनीत पुरण्यावरचा कर, आणला. सुरुवातीला टनाला 7 पौंड होता, आता शंभराच्या वर गेला आहे. त्या कराचा काही भाग कचऱ्याविषयीच्या शिक्षणाकडे वळवता येत असे. पण 2003 मध्ये सरकारनं नियम बदलून नेमके तेच प्रकल्प त्या योजनेतून वगळले. म्हणजे हा पैसा येतो तसा जातोही. मूळ अडचण आणखी खोल आहे. पुनर्वापर वाढला की डेपोवर जाणारा कचरा घटतो, आणि कचरा घटला की शुल्कही घटतं. काम जितकं चांगलं, तितकी त्यामागची तिजोरी रिकामी. शिवाय आपल्याकडे ‘टिपिंग फी’ हा शब्द तू ऐकला असशील, तर 2016 च्या जुन्या घनकचरा नियमांतली त्याची व्याख्या नीट वाच. त्यानुसार ती रक्कम कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या किंवा उरलेल्याची विल्हेवाट लावणाऱ्या कंत्राटदाराला द्यायची होती, शिक्षणाला नाही. 2026 च्या नव्या नियमांत, न निवडलेला कचरा डेपोवर पाठवणाऱ्या पालिकांना जास्त शुल्क लावायचं म्हटलंय ते योग्यच आहे. पण त्यातून तुला कोर्स आणि नोकरी मिळेल असं धरून बसू नकोस. आणि माझं स्पष्ट मत सांगू? असा पैसा कधी आलाच, तर त्यावर पहिला हक्क डेपोवर उघड्या हातांनी कचरा निवडणाऱ्या बायांचा. त्यांना हातमोजे, ओळखपत्र आणि मशीन चालवायचं प्रशिक्षण मिळू दे. 84 टक्केवालीनं त्या रांगेत उभं राहू नये.

तू योजनेच्या मागे लागू नकोस, पदार्थाच्या मागे लाग. प्लॅस्टिकचे तुकडे पाण्यात टाकले तर पॉलिथिलीन तरंगतं. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचं प्लॅस्टिक) दोन्ही बुडतात. पीईटीच्या घाण्यात थोडंसं पीव्हीसी गेलं तरी माल बिघडतो. मग बुडालेले दोघे वेगळे करायचे कसे? हा प्रश्न तुला झोपू देत नसेल, तर हे क्षेत्र तुझं. नुसतं ‘पर्यावरण वाचवायचंय’ एवढंच असेल, तर अजून विचार कर.

केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीतून, इंजिनिअरिंगला जायचं ते मेटलर्जी (धातुशास्त्र), केमिकल किंवा पॉलिमर बघून. सुरतकलच्या एनआयटीकेत मेटलर्जी आहे, पण त्याला जेईई लागते. बी.एस्सी. रसायनशास्त्र करून म्हैसूरच्या सिपेट या केंद्र सरकारच्या प्लॅस्टिक संस्थेत प्लॅस्टिकचा पदव्युत्तर डिप्लोमा, हाही चांगला रस्ता आहे आणि यात वडिलांची बी.एस्सी.ची इच्छाही राहते. ‘कचरा व्यवस्थापन’ असं नाव लावलेल्या सहा महिन्यांच्या महागड्या सर्टिफिकेटपासून चार हात लांब राहा.

कामाचं म्हणशील तर ते कायद्यानं आणलंय. ई-कचऱ्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करून किती माल घेतला, त्यातून किती धातू निघाला, याचा हिशेब द्यावा लागतो. ॲल्युमिनियम, तांबं, जस्त यांच्या भंगाराच्या पुनर्वापराची जबाबदारीही 1 एप्रिल 2026 पासून उत्पादकांवर टाकली आहे. दादा, हे तुमच्याही धंद्याच्या दारात येऊन ठेपलंय. हे हिशेब आणि ही तपासणी समजणारं माणूस उद्या तुम्हालाच पगार देऊन ठेवावं लागेल.

एक गोष्ट सीमाभागातल्या कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. मुलगी मराठी माध्यमात शिकली असेल, तर कन्नड लिहिता-वाचता येण्याइतकं पक्कं करा. महापालिकेची नोटीस, प्रदूषण मंडळाचं पत्र, टेंडरची जाहिरात यातलं बरंचसं कन्नडात येतं. मराठीवरचं प्रेम त्यानं तसूभरही कमी होत नाही.

महाराष्ट्राकडचा पर्यायही सोडू नका. वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी पात्रता आहे, आणि पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात मेटलर्जी शिकवतात. त्यासाठी महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागेल आणि ठरलेल्या नमुन्यातले दाखलेही लागतील. त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढून कागद आत्तापासून गोळा करा. प्रवेशाच्या आठवड्यात कचेरीत धावाधाव करून ते मिळत नाहीत. परीक्षा संपली की तिला रोज दोन तास गोडाऊनवर बसवा, काट्यावर आणि वहीवर.