चिडलेल्या ग्राहकाशी गोड बोलणं आणि पुढचं शिक्षण

प्रश्न: मी समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन वाचल्यापासून याच विषयात पुढे जावंसं वाटतं. अर्धवेळ कॉल सेंटरमध्ये काम करते. दिवसभर गोड बोलून घरी आले की कुणाशी बोलायची इच्छाच उरत नाही. घरचे म्हणतात, एचआर कर. काय करू?

उत्तर: आधी त्या थकव्याबद्दल. तो तुझा स्वभावदोष नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. हवाई सेविकांनी प्रसन्न दिसायचं आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांनी कठोर, दोघांच्याही पगारात भावना सांभाळणं धरलेलंच होतं. चेहऱ्यापुरतं हसणं वेगळं आणि तसं खरंच वाटावं म्हणून मनाला वळवणं वेगळं. तुझ्याकडून यातलं कोणतं होतं, ते पाहा.

गॉफमन यांनी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या हॉटेलातलं एक दार टिपलं. ताटं नेणाऱ्या मुलींना स्वयंपाकघराचं दार उघडं हवं असे; मालकांना बंद, कारण आतल्या सवयी पाहुण्यांना दिसल्या तर मालकांचा आब जाणार. एवढ्याशा ओढाताणीतून लोकांसमोर वागायचा रंगमंच आणि मोकळं व्हायची पडद्यामागची जागा यांतला फरक स्वच्छ दिसतो. तुझ्या कामात ते दार म्हणजे म्यूटचं बटण. ते कधी दाबतेस, दाबल्यावर शेजारणीशी काय बोलतेस, हे शिफ्ट संपल्यावर रोज अर्धं पान लिही. ग्राहकांची नावं आणि माहिती मात्र वहीत येऊ देऊ नकोस.

असं बारकाईनं पाहून नेमकं लिहिता येणं, हेच तुझं भांडवल. वापरकर्ता संशोधन (लोक एखादी वस्तू किंवा सेवा कशी वापरतात याचा अभ्यास), सेवांची आखणी, रुग्णालयांतले आणि संस्थांमधले अभ्यास इथे ते कामी येतं. एचआर वाईट नाही, पण भरती, पगारपत्रक, नियम यांत बराच दिवस जातो. ते आवडणार असेल तरच जा. समुपदेशनाचा विचार असेल तर त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं, समाजशास्त्राची पदवी तिथे पुरत नाही. प्राध्यापकी हवी असेल तर एम.ए.नंतर पीएच.डी.ची तयारी ठेव. ती वाट लांबची आहे, हे घरीही स्पष्ट सांग.

माझं मत विचारशील तर एम.ए. कर. सोबत थोडं संख्याशास्त्र शीक, नोकरीच्या मुलाखतीत त्याची विचारणा होते. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन केलेला अभ्यास, किती आहे ते तपास. नुसतेच लेखी पेपर असतील तर दुसरं विद्यापीठ बघ.