बाबा ताटावर बसले, तेव्हाच मेटॉनिमी झाली

प्रश्न : ताई, मी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होते, आता अकरावी कॉमर्स. इंग्लिशच्या लेक्चरला फिगर्स ऑफ स्पीच चालू आहेत आणि सगळं डोक्यावरून जातंय. मेटॉनिमी, सिनेकडकी, ऑक्सिमोरॉन, नावंच धड वाचता येत नाहीत. व्याख्या पाठ केल्यात, पण कवितेची ओळ समोर आली की ओळखताच येत नाही. बाकीच्या मुली इंग्लिश मीडियमच्या, त्यांना विचारायला लाज वाटते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, विक्रोळी

उत्तर : अगं लाज कसली, मी स्वतः भर वर्गात हायपर्बोलीला 'हायपरबोल' म्हटलं होतं आणि मॅडमसकट सगळे हसले होते. तुझी दहावीची व्याकरणाची वही रद्दीत गेली नसेल तर काढ आधी, कारण यातलं निम्मं तुला येतंच. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपर्बोली, श्लेष म्हणजे पन.

आता सकाळची तुझी लोकलच घे. 'लोकल अजगरासारखी माणसं गिळत आली', ही सिमिली. यात लोकल उपमेय, अजगर उपमान, गिळणं हे साधर्म्य आणि 'सारखी' हा साम्यवाचक शब्द, हे चार तुकडे तू मराठीत पाडायचीस ना, तेच इंग्लिशमध्ये लिहायचे, कारण नुसतं नाव लिहून भागत नाही, स्पष्टीकरणही लागतं. 'सारखी' काढून 'हा अजगर घाटकोपरला अजून माणसं गिळतो' म्हटलंस की मेटाफर, 'लोकलने दादरला सुटकेचा श्वास टाकला' म्हटलंस की पर्सॉनिफिकेशन, आणि गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवरून 'अगं बये, थांब की!' ओरडलीस तर ती अपॉस्ट्रफी, म्हणजे जे ऐकू शकत नाही त्याला उद्देशून बोलणं (त्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचं नावही तेच, गोंधळू नकोस). फक्त 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की लगेच सिमिली लिहू नकोस, 'तो भावासारखा जोरात पळतो' यात दोघंही पळणारी माणसंच, ती साधी तुलना.

मेटॉनिमीला सगळे उगाच घाबरतात. शब्दशक्तीत लक्षणा शिकलीस, 'बाबा ताटावर बसले', आठवतंय? बाबा काही ताटात बसत नाहीत, ताट म्हणजे जेवण. ती झाली मेटॉनिमी, म्हणजे एका गोष्टीऐवजी तिच्याशी जोडलेल्या गोष्टीचं नाव घेणं, 'मंत्रालयाने नकार दिला' हीपण तीच. आणि 'घरात खाणारी तोंडं पाच' म्हटलं की सिनेकडकी, म्हणजे भागाचं नाव घेऊन पूर्ण सांगणं, कारण तोंड हा माणसाचाच भाग, ताट मात्र जेवणाचा भाग नाही, जेवणाशी जोडलेली वस्तू आहे. एवढाच फरक.

अनुप्रासात, म्हणजे ॲलिटरेशनमध्ये, तर तू त्या मुलींच्या पुढे आहेस बघ. ॲलिटरेशन कानाने ओळखायचं, स्पेलिंगने नाही, आणि सिटी नि कॅट दोन्ही सी अक्षराने सुरू होतात म्हणून भलेभले फसतात. तू देवनागरीत लिहून बघ, एक स ने, दुसरा क ने, संपलं. काइट आणि कॅट मात्र चालेल.

ऑक्सिमोरॉन म्हणजे दोन विरुद्ध अर्थाचे शब्द एकत्र आणणं, आणि त्याचं नावच त्याचं उदाहरण आहे, ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण आणि मोरॉस म्हणजे मठ्ठ. युफेमिझम, म्हणजे नकोशी गोष्ट सौम्य शब्दांत सांगणं, तर तुझी आजी रोज वापरत असेल, बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात.

उत्प्रेक्षेला मात्र इंग्लिशमध्ये वेगळं नाव शोधत बसू नकोस, 'जणू'वाली ओळ तिथे बहुतेकदा सिमिलीतच जाते.