पावसाळ्यात प्रिंटरमध्ये पाकिटे अडकतात

प्रश्न : आमची पतसंस्था रत्नागिरी जिल्ह्यात आहे. वार्षिक सभेच्या सूचना टपालाने पाठवण्यासाठी आम्ही पाकिटांवर लेझर प्रिंटरने पत्ते छापतो. जुलै उजाडला की दर वीस-पंचवीस पाकिटांमागे एक आत अडकते. मेकॅनिकच्या सांगण्यावरून रोलर बदलले, तरी फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : आपली अडचण पावसाळ्यातच का उद्भवते, याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. सहकारी संस्थांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायची असल्याने सूचनांचे काम नेमके कोकणातल्या सर्वांत दमट महिन्यांत येते. कागद हवेतला ओलावा शोषतो. पाकिटाला तर दोन थर, घड्या आणि झाकणावर डिंक. त्यामुळे ते वाकडे होते, एकमेकांना चिकटते आणि रोलर एकाऐवजी दोन पाकिटे ओढतो. रोलर बदलण्याआधी न उघडलेल्या गठ्ठ्यातली पंचवीस पाकिटे छापून पाहायला हवी होती. ती सुरळीत गेली असती, तर रोलरचा खर्च वाचला असता.

पाकीट अडकल्यावर हिसका देऊन ओढू नये. प्रिंटर बंद करून थोडा वेळ थांबावे, कारण टोनर (छपाईची पूड) कागदावर पक्का करणारा फ्यूझर जवळजवळ 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. टोनरचे काडतूस बाहेर काढल्यास कापडाने झाकून ठेवावे; त्यातला ड्रम उजेडाने खराब होतो. मग पाकीट दोन्ही हातांनी, सरळ रेषेत, ज्या दिशेने ते पुढे जात होते त्याच दिशेने सावकाश ओढावे. फाटले तर तुकडे टेबलावर जुळवून पाहावेत (हे काम कंटाळवाणे आहे खरे). नखाएवढा कोपरा कमी भरला, तर तो आतच आहे असे समजावे. तो सेन्सरच्या पट्टीखाली राहिला, की कागद नसतानाही यंत्र अडकल्याची सूचना देत राहते.

पुढच्या खेपेसाठी पाकिटे बंद गठ्ठ्यातच, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात ठेवावीत आणि त्या दिवशी लागतील तेवढीच बाहेर काढावीत. छापण्यापूर्वी गठ्ठा हातात धरून पत्त्यांसारखा पिसावा, कडा ठोकून सारख्या कराव्यात आणि आतली हवा जाण्यासाठी पाकिटे तळहाताने दाबावीत. ट्रेमध्ये एका वेळी पाच-दहाच ठेवावीत. बाजूच्या पट्ट्या पाकिटाला नुसत्या टेकाव्यात, आवळू नयेत. मागचे झाकण उघडता येत असेल तर उघडेच ठेवावे, म्हणजे पाकीट न वळता सरळ बाहेर पडते. झाकणावर चिकटपट्टी असलेली पाकिटे मात्र लेझर प्रिंटरसाठी बनवलेली नसतील तर टाळावीत. उष्णतेने तो गोंद वितळून फ्यूझरला लागतो.

खरे तर आपल्या कामासाठी पाकिटावर छापण्याची गरजच नाही. खिडकीची पाकिटे घ्यावीत आणि सभासदाचा पत्ता सूचनेच्याच कागदावर अशा जागी छापावा, की घडी घातल्यावर तो खिडकीतून दिसेल. मग यंत्रातून फक्त साधा कागद जाईल, आणि एकाची सूचना दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची भीतीही उरणार नाही. घडी कुठे पडते हे पाहण्यासाठी आधी एकच प्रत छापून पाकिटात घालून, हलवून पाहावी. कागद आत सरकला तरी पिनकोड दिसला पाहिजे.